हाताने घडवलेली कार्बन रिकम्बंट : लांब पल्ल्यासाठी घ्यावी का?

वाऱ्यावर (आइंडहोवन)

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो आणि इथल्या बीआरएम (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी) नियमितपणे करतो. २०० आणि ३०० किलोमीटर नेहमीच्या रोड बाइकवर निभावून जातात. ४०० च्या पुढे मात्र मान वर धरवत नाही आणि दोन्ही हातांची करंगळी व शेजारचे बोट बधिर होते, ते पुढे कित्येक दिवस ताळ्यावर येत नाही. बाइक फिट करून घेतले, स्टेम आखूड केला, हँडलबारवर जाड टेप गुंडाळली. फरक पडला, पण ६०० साठी पुरेसा नाही.

इथल्या एका क्लबमित्राने त्याची ॲल्युमिनियमची हायरेसर, म्हणजे दोन्ही मोठ्या चाकांची रिकम्बंट (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल), काही आठवडे वापरायला दिली. सुरुवातीचा लटपटाटाचा काळ सरल्यावर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात तिने जे सुख दिले, ते शब्दांत सांगणे अवघड आहे. २०२७ ची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, ही फ्रान्समधली सुमारे १,२०० किलोमीटरची सफर, डोळ्यांसमोर आहे. तेव्हा आता स्वतःची घ्यावी, असे ठरवले आहे.

अडचण निवडीची आहे. एक कारागीर मापाप्रमाणे कार्बनची फ्रेम हाताने घडवून देतो. किंमत अशी आहे, की तेवढ्यात बरी सेकंडहँड मोटार येईल; प्रतीक्षाही बरीच आहे. माझी उंची १६७ सेंटिमीटर, एक्स-सीम (बसून पाय पसरल्यावर पाठीपासून तळव्यापर्यंतचे माप) १०१. कार्बनचा खर्च लांब पल्ल्यासाठी खरोखर सार्थकी लागतो का, आणि लागत असेल तर कारागिराला नेमके काय विचारावे, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटवाट (पुणे)

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू या. वाऱ्यात जे सुख मिळाले, ते मागे रेलून बसण्याचे होते. फ्रेम ॲल्युमिनियमची असूनही मिळाले. ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने, वारा पडलेला असताना, रोड बाइकवर हुडवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवून बसलेल्या माणसाला केवळ हवा कापण्यासाठी साधारण १०० वॅट लागतात. चांगल्या हायरेसरवर मागे रेललेल्या माणसाला त्याच वेगासाठी साठ-बासष्ट वॅट पुरतात. समोरून वारा असेल तर ही तफावत आणखी वाढते. सडपातळ कार्बन फ्रेम यात भर घालते, पण थोडीशीच. पाठीचा कोन आणि पायांची उंची यांनी मोठा हिस्सा आधीच वाचवलेला असतो.

आता वजनाचे पाहू. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसमध्ये एकूण चढाई १२,००० मीटरच्या आसपास भरते. एक किलो जास्त वजन तेवढे वर चढवायला सुमारे १,१८,००० ज्यूल लागतात. १५० वॅटच्या दमाने चालवणाऱ्यासाठी ही जेमतेम तेरा मिनिटे झाली. ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यात तीन किलोंचा फरक धरला, तरी ९० तासांच्या मुदतीतून पाऊण तासही जात नाही, आणि त्यातलेही काही उतारावर परत मिळते. एखाद्या कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणी ठाण्यावर) सूप पीत बसलो तर तेवढा वेळ सहज उडतो. निव्वळ वजनासाठी कोणी कार्बन घेत असेल तर त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

शंकेखोर

एक मूलभूत शंका. रिकम्बंट इतकी वेगवान असेल तर मोठ्या कंपन्या ती का बनवत नाहीत? एकेकट्या कारागिराच्या दारात वर्षभर का ताटकळायचे?

घाटवाट (पुणे)

याचे उत्तर १९३४ सालात दडलेले आहे. जुलै १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या फ्रेंच शर्यतपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकम्बंटवर पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एग यांचा १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी बांधली, की ही जातच बाहेर पडली. शर्यत नाही म्हणून जाहिरात नाही, जाहिरात नाही म्हणून खप नाही, आणि खप नाही म्हणून महागडे साचे पाडायला कोणी मोठा उद्योग धजावत नाही. नेदरलँड्समधील मिडलबर्गचे ब्राम मून्स यांचे एम५ किंवा कॅलिफोर्नियातील लॉम्पोकचे टिम ब्रूमर यांचे लाइटनिंग अशी छोटी नावेच या क्षेत्रात मोठी ठरली, ती यामुळे. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस मात्र शर्यत नाही. ओदाक्स क्लब पारिझिआँ ती घेतो आणि टँडेम (दोघांची सायकल), रिकम्बंट वगैरे विशेष सायकलींना तिथे वेगळ्या गटात सोडले जाते. धागाकर्त्यांना त्या बाबतीत काळजी नाही.

रेझीन (हॅम्बुर्ग)

मी कंपोझिटच्या व्यवसायात आहे, सायकलींच्या नव्हे; पण कार्बनचे धागे आणि त्यांना बांधणारी राळ यांना आपण कुठे वापरले जातो याची जाणीव नसते, त्यामुळे बोलण्याचे धाडस करतो.

घाटवाट यांचा वजनाचा हिशेब मान्य आहे. माझ्या मते कार्बनचा खरा उपयोग रिकम्बंटमध्ये वेगळ्याच ठिकाणी होतो. रोड बाइकचा क्रँक चौकटीच्या मधोमध बसतो, तर रिकम्बंटचा क्रँक पुढे काढलेल्या बूमच्या (नळीच्या) टोकाला लोंबकळतो. प्रत्येक पेडलमागे पाय बूमला पुढे ढकलतो, पाठ आसनाला मागे रेटते, आणि या दोन्हींच्या मधला भाग वाकतो. शिवाय डावा-उजवा पाय आलटून पालटून दाबत असल्याने बूम पिळवटला जातो तो निराळा. चढावर साखळीचा ताणही याच भागावर येतो. धातूची नळी सर्व दिशांना सारखी ताठ असते. कार्बनमध्ये कारागीर ४५ अंशांत तिरपे थर देऊन पीळ रोखू शकतो, लांबीच्या दिशेने थर देऊन वाकणे रोखू शकतो, आणि आसनामागचा भाग मुद्दाम थोडा लवचिक ठेवून खडबडीत रस्त्याची थरथर पाठीपर्यंत पोचण्याआधी शोषून घेऊ शकतो. हे जमले तर पैसे वसूल. थर नुसतेच एकावर एक चढवले असतील तर आपण एक महागडी काळी नळी विकत घेतो.

म्हणून पहिला प्रश्न थरांच्या रचनेबद्दल विचारावा आणि उत्तर किती सहजपणे मिळते ते पाहावे. ज्याने विचार केला आहे तो कारागीर कागद ओढून चित्र काढू लागतो.

दुसरा प्रश्न राळेचा. छोट्या कार्यशाळांत बहुधा कापड हाताने राळेत भिजवून साच्यात बसवतात आणि वरून पिशवी लावून हवा खेचून घेतात. कारखान्यात आधीच राळ भरलेले कापड थंड साठवून नंतर उष्णतेने व दाबाने पक्के करतात. पहिली पद्धत मुळात कमअस्सल नाही. मात्र खोलीच्याच तापमानाला सुकवून सोडून दिलेले इपॉक्सी साधारण ५०–६० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत काळी फ्रेम ठेवली तर ती या मर्यादेला सहज भिडते. नंतर भट्टीत काही तास ठरावीक तापमानावर ठेवून राळ पक्की केली, तर ही मर्यादा बरीच वर सरकते. तेव्हा 'फ्रेम भट्टीत किती अंशांवर, किती तास ठेवता?' हे थेट विचारावे. 'आमच्याकडे कधी तक्रार आली नाही' हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

तिसरी गोष्ट जिथे धातू आणि कार्बन भेटतात तिथली. बॉटम ब्रॅकेटची (क्रँकच्या आसाची) नळी, हेडसेटचे (हँडल जिथे फिरते तिथले) कप, मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) आणि आसनाचे बोल्ट यांसाठी ॲल्युमिनियमचे तुकडे आत चिकटवलेले असतात. कार्बन वीजवाहक आहे. त्याला ॲल्युमिनियम टेकले आणि मध्ये खारट पाणी शिरले की ॲल्युमिनियम गंजते. नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे खारट पाण्याची सोय सरकारनेच केलेली. यावर उपाय सोपा आहे : मध्ये काचतंतूचा पातळ थर देणे. तो दिला आहे का, हे विचारावे. वापरलेली फ्रेम पाहत असाल तर बॉटम ब्रॅकेट काढायला लावून आत टॉर्च मारावी. कडेला पांढरी भुकटी किंवा रंगाखाली फुगवटा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. जाताजाता आसन आणि बूमच्या जोडाजवळ एखाद्या नाण्याने हलकेच टकटक करून पाहावे. सगळीकडे खणखणीत आवाज येत असताना एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटले असण्याची शक्यता असते.

वाऱ्यावर

रेझीन, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. हे प्रश्न मी डचमध्ये लिहून ठेवतो आहे. एक उपप्रश्न : बूम सरकता असावा, की फ्रेमसह एकसंध? कारागीर म्हणतो, मापावर बनवतोच आहे तर एकसंध करू, वजन वाचेल आणि ताठपणा वाढेल.

उताणराव (कार्ल्सरूह)

याचे उत्तर मी देतो, कारण मी गेली अनेक वर्षे हाताने घडवलेल्या कार्बन हायरेसरवर लांब अंतरे करतो आहे. बूम सरकताच घ्यावा. एक्स-सीम म्हणजे भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ पसरून जमिनीवर बसल्यावर भिंतीपासून तळव्यापर्यंतचे अंतर. हे माप बदलत नाही, हे खरे. परंतु बुटाचा तळ, क्लीटची (बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याची) जागा, क्रँकची लांबी आणि आसनावरची गादी बदलली, की पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. ५०० किलोमीटरनंतर गुडघ्याला ते पाच मिलिमीटर बरोबर कळतात. सरकत्या बूमचा शंभर-दीडशे ग्रॅमचा दंड आनंदाने भरावा. फक्त क्लँप आवळताना कार्बनची पेस्ट लावावी आणि टॉर्क रेंच वापरावा. हाताच्या अंदाजाने आवळून चिरडलेले बूम मी पाहिले आहेत.

आता तुमच्या उंचीविषयी, कारण या धाग्यात सर्वांत कळीचा मुद्दा मला तोच वाटतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. दोन्ही चाके ७००सी (रोड बाइकच्या नेहमीच्या मापाची) घेतली, तर आसन जमिनीपासून सुमारे साठ सेंटिमीटरवर जाते. १६७ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे पाय सिग्नलला धड टेकत नाहीत. आसनाच्या कडेवर घसरून चवड्यावर उभे राहावे लागते. दुसरे म्हणजे एक्स-सीम कमी असला, की क्रँक पुढच्या चाकाच्या जवळ येतो आणि अरुंद वळणावर टाच टायरला घासते. मित्राच्या सायकलीवर हे जाणवले असेलच. पुढे थोडे लहान चाक घेतले तर दोन्ही त्रास कमी होतात, पण तिथे सापळा आहे : बरेच कारागीर ६५०सी सुचवतात, ज्याचे टायर ५७१ मापाचे असतात आणि हल्ली तेच मिळणे दुर्मीळ झाले आहे. रात्री तीन वाजता पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या वाटेवरच्या ब्रिटनी प्रांतातल्या खेड्यात टायर फाटला तर ५७१ कोठून आणणार? मी आपल्या जागी असतो तर ७००सी ठेवून आसन शक्य तितके खाली घ्या, असा आग्रह धरला असता किंवा पुढे ५५९ मापाचे चाक घेतले असते. आणि चाक कोणतेही असो, निदान ३२ मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा लेखी मागून घेतली असती. रिकम्बंटवर खड्डा आला की बूड उचलता येत नाही. येणारा दणका थेट कण्याला बसतो. तिथे रुंद टायर हीच काय ती उसंत.

गिअरबद्दल तडजोड करू नका. उभे राहून चढ मारण्याची सोय नाही, आणि ताशी सहाच्या खाली तोल राखणे कठीण जाते. पुढे ३४ दात आणि मागे ४० दात घेतले तर मिनिटाला ७० फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटर वेग मिळतो. एकूण ८५ किलो वजन धरून १५० वॅटने ८ टक्क्यांच्या चढावर वेगही जवळपास तेवढाच येतो. म्हणजे त्याहून उभा चढ आला तर एक तर जोर वाढवा, नाहीतर उतरा. ब्रिटनीत लांबलचक घाट नाहीत. वाटेतल्या लुदेआक गावाच्या पुढे-मागे सतत चढ-उतार, चढ-उतार असे चालते, आणि उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या निम्म्यापर्यंत नेतो. रिकम्बंटला असाच रस्ता मानवतो.

मानेचे आणि हातांचे दुखणे जाईल, हे निश्चित. त्याच्या जागी नवे पाहुणे येतील. पाय हृदयाच्या वर राहिल्याने सुरुवातीला तळव्यांची आग होते. बूट अर्धा नंबर सैल घ्यावा आणि क्लीट मागे सरकवावी. पाठीला घाम साचतो, म्हणून जाळीदार गादी हवी. पाऊस सरळ चष्म्यावर येतो. नितंबांच्या स्नायूंना या कामाची सवय नसते. ती लागायला एक पूर्ण हंगाम धरावा.

शंकेखोर

म्हणजे एक हंगाम शरीरालाच लागणार असेल, तर ज्याला अजून स्वतःचा पाठीचा कोन माहीत नाही त्याने मापावर फ्रेम घडवून घेणे, हे लग्न ठरण्याआधी बारशाची तयारी करण्यासारखे नाही का?

उताणराव (कार्ल्सरूह)

अगदी बरोबर, आणि मी तिकडेच येत होतो. आधी वापरलेली ॲल्युमिनियमची हायरेसर घ्यावी. नेदरलँड्स आणि जर्मनीत अशा सायकली पुष्कळ विकायला असतात आणि सांभाळल्या तर किंमत फारशी पडत नाही. तिच्यावर २०० ते ६०० ची पूर्ण मालिका करावी. आसन २० अंशांवर बरे वाटते की २८ वर, मानेला टेकू लागतो का, हँडल छातीजवळ वळलेले हवे की गुडघ्यांच्या वरून लांब, हे त्यातून कळेल. ते आकडे घेऊन कारागिराकडे गेलात तर मापाच्या फ्रेमला अर्थ आहे. शिवाय स्पेझी हा विशेष सायकलींचा मेळावा दर वर्षी जर्मनीत भरतो. पूर्वी गेर्मर्सहाइमला भरत असे, २०२३ मध्ये तो लाउखरिंगेनला हलला. तिथे एका दिवसात जेवढ्या प्रकारांवर बसून पाहता येते, तेवढे एरवी वर्षभरात होणार नाही.

पावतीवाला (ॲम्स्टरडॅम)

तांत्रिक भागात मला गती नाही, व्यवहारावर थोडे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. परंतु ग्राहकाच्या मापाप्रमाणे खास बनवलेल्या वस्तूला हा हक्क लागू नाही. दोष निघाल्यास किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी मात्र विक्रेत्यावर असतेच, मग तो एकटा कारागीर का असेना. त्यामुळे 'दोष' म्हणजे काय, हे आधीच कागदावर आणावे : फ्रेमचे कमाल वजन, चाकांची सरळ रेषा, टायरची जागा, आसनाचा कोन, आणि स्वाराच्या वजनाची मर्यादा. माझ्या एका सायकलीच्या वेळी (कारागिराचे नाव इथे घेणार नाही) संपूर्ण रक्कम आगाऊ घेतली गेली आणि पुढे प्रत्येक ईमेलला 'पुढच्या महिन्यात' असे उत्तर येत राहिले. फ्रेम शेवटी आली, चांगलीही निघाली, पण ज्या मोसमासाठी मागवली होती तो हुकला. एकतृतीयांश आगाऊ, एकतृतीयांश साच्यातून फ्रेम निघाल्याचे छायाचित्र आल्यावर आणि उरलेले ताब्यात घेताना, अशी विभागणी मागावी. चांगले कारागीर याला हरकत घेत नाहीत.

कोकणचाक (रत्नागिरी)

विषयाला धरूनच एक प्रश्न. अशी सायकल भारतात आणायची असेल तर? घाटवाट काका, पुण्याच्या रस्त्यांवर ती चालेल का?

घाटवाट (पुणे)

चालेल, पण कार्बनची मी आणणार नाही. सीमाशुल्क सायकलीच्या किमतीवर, वाहतूक व विमा धरून लागते आणि त्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. त्यामुळे युरोपातला आकडा आणि इथे दारात पडणारा आकडा यांची ओळख पटत नाही. पैशांहून मोठी अडचण दुरुस्तीची आणि रस्त्याची. रंग न दिलेले स्पीडब्रेकर रात्री उशिरा दिसतात, आणि सांगितल्याप्रमाणे बूड उचलता येत नाही. पसरणी घाट हळूहळू चढता येईल. मात्र एसटी आणि ट्रक वळणावर बाहेरून येत असताना ताशी सात-आठच्या वेगाने सरळ रेषा धरायला पुष्कळ सराव लागतो. दुपारचे ऊन सरळ तोंडावर येते, तेव्हा टोपीला मोठी झापड आणि सनस्क्रीन हवेच. तुमच्याकडे तर समुद्राची खारी हवा बारा महिने. रेझीन यांनी सांगितलेला काचतंतूचा थर तिथे ऐच्छिक राहत नाही. ४० मिलिमीटरचे टायर आणि मागे सस्पेन्शन असलेली ॲल्युमिनियमची रिकम्बंट आपल्याकडे अधिक सुखाची.

वाऱ्यावर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्राला विचारले, ती ॲल्युमिनियमची सायकल तो विकायला तयार आहे. टाच टायरला घासते, हे उताणराव यांनी न पाहता ओळखले, म्हणून आधी १५५ मिलिमीटरचा आखूड क्रँक बसवून पाहतो. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या नावनोंदणीत अग्रक्रम आदल्या वर्षीच्या सर्वांत लांब बीआरएमवर ठरतो, त्यामुळे पूर्ण मालिका तिच्यावरच करणार.

कारागिराशीही सविस्तर बोललो. भट्टीचे विचारताच त्याने तापमान आणि तास दोन्ही सांगितले, काचतंतूचा थर तो देतोच म्हणाला, आणि थरांच्या रचनेवर अपेक्षेप्रमाणे चित्र काढू लागला. टायरच्या जागेवर मात्र अडला. त्याचा साचा २८ मिलिमीटरसाठी आहे आणि मागचा काटा रुंद करायचा तर साच्यात बदल करावा लागेल. सरकत्या बूमला तो तयार आहे. मी आगाऊ रक्कम दिलेली नाही. ३२ चा टायर बसणार असेल आणि माझे आसनाचे आकडे हंगामानंतरही तेच राहिले, तर मागणी नोंदवू, असे ठरले आहे.

रेझीन (हॅम्बुर्ग)

साच्यात बदल करणार असेल तर मागच्या काट्याच्या मुळाशी कारागीर कार्बनचे थर किती वाढवणार, हे जरूर विचारा. रुंद काटा आतल्या बाजूला जास्त वळतो आणि तिथेच सुरकुती पडते.

पावतीवाला (ॲम्स्टरडॅम)

आणि मित्राची सायकल पुढेमागे विकायची झाली, तर आधी मला कळवावे. माझा एक्स-सीम १०३ आहे.

वाऱ्यावर

नोंद घेतली. क्रँक मात्र १५५ चाच मिळेल.